पोळपाटावर चोरिझो नको, बाई!

प्रश्न : मावशी नमस्कार. आमचं गाव आर्वी तालुक्यात, घरी संत्रा अन् कपाशी. माझी नणंद सहा वर्षांपासून बार्सिलोनाला असते, लग्न तिकडच्याच मुलाशी केलं, अन् आता डिसेंबरात दोघं पहिल्यांदा घरी येणार आहेत. मोबाईलवर पाहिलं की तिकडे पाहुण्यासमोर लाकडी पाटावर चीज, मटणाचे पातळ काप, ऑलिव्ह असं सजवून ठेवतात. पहिल्या संध्याकाळी तसंच काही करावं असं मनात आहे. माणसं बारा, त्यातले पाच जण मटण-मच्छी काही खात नाहीत, सासूबाई तर माळकरी, कांदा-लसूणही नाही. अन् आमच्या आर्वीत अमूलच्या क्यूबशिवाय चीज म्हणून काही भेटत नाही. जमेल का हे, का उगाच हसू होईल?
— एक सून, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : हसू कशाचं वं, जमते. फक्त आधी एक ठरव, की जावयाला त्याच्या आईच्या घरासारखं जेवू घालायचं नाहीये. ते तुला जमणार नाही अन् जमवायचं कारणही नाही. दोन दिवसांचा प्रवास करून थकून आलेल्या पोराला पहिल्या संध्याकाळी ओळखीची चव असलेलं काहीतरी समोर दिसलं की बरं वाटते, एवढाच हेतू ठेव. बाकी पाटोडी-रस्सा, झुणका-भाकर, हुरडा हे दुसऱ्या दिवसापासून आहेच.

माझा पोरगा दोन वर्षं माद्रिदला होता, मी तीन महिने जाऊन राहिले, तर थोडंफार डोळ्यानं पाहिलेलं सांगते. तिकडे हा पाट म्हणजे जेवण नसते, जेवणाच्या आधीचं चघळणं असते, गप्पा मारत अर्धा-पाऊण तास. चिजाचा वेगळा, मटणाचा वेगळा, किंवा दोन्ही मिळून, कसंही चालते. पाटावर एक काहीतरी खारट अन् तेलकट पाहिजे, एक गोड, एक आंबट, एक कुरकुरीत. हे चार बसले की पाट बसला. इन्स्टाग्रामवर पन्नास वस्तू कोंबलेले पाट दिसतात ना, तसे मला तिकडे कोणाच्या घरी दिसले नाहीत, घरात तर चार-पाचच वस्तू असतात, पण चांगल्या.

आता आधी सासूबाईंचं पाहू, कारण तुझ्या पत्रात खरी अडचण तीच आहे, बाकी सगळं नागपूरहून आणता येते.

बहुतेक जण स्पॅनिश चीज म्हटलं की मांचेगोचं नाव घेतात. ला मांचा भागातल्या मांचेगा जातीच्या मेंढीच्या दुधाचं, कमीत कमी महिनाभर अन् जास्तीत जास्त दोन वर्षं मुरवलेलं, सालीवर वेणीसारखी नक्षी असते कारण पूर्वी एस्पार्तो गवताच्या विणलेल्या पट्ट्यांत ते दाबून ठेवायचे. चव लय छान, पण पारंपरिक मांचेगो जमवायला जनावराच्या पोटातलं रेनेट वापरतात. म्हणजे माळकरी माणसाला ते चालत नाही, अन् पाकिटावर नुसतं 'चीज' लिहिलंय म्हणून गुपचूप वाढू नको, हे मी हात जोडून सांगते. आपल्याकडे हिरवा ठिपका असलेल्या चिजात वनस्पतीचं किंवा मायक्रोबियल रेनेट असते, तो ठिपका पाहूनच त्यांच्यासमोर ठेव. (गंमत म्हणजे स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा भागात तोर्ता देल कासार नावाचं चीज आहे, ते एका रानटी काटेरी झाडाच्या फुलांनी जमवतात, जनावराचा संबंध नाही. पण ते आतून पातळ असते, इथवर आणेपर्यंत त्याचं काय होईल देव जाणे, तू त्या भानगडीत पडू नको.)

अन् खरं सांगू, तुझ्याकडे त्याहून चांगला उपाय घरातच आहे. तुझी नणंद बार्सिलोनाला, म्हणजे कातालुन्यात. तिथे 'मेल इ मातो' नावाचा प्रकार घरोघरी चालतो. मातो म्हणजे ताजं, मऊ, बिनमिठाचं चीज, मेल म्हणजे मध. बस, चिजावर मध ओतायचा अन् वरून अक्रोड घालायचे. आता सांग, हे आपल्या छेन्याहून किती लांब आहे? तुमच्याकडे तर गवळाऊ गाय, आर्वीकडचीच जात ती. दोन लिटर दूध उकळी यायच्या बेताला आण, खाली उतरव, दोन लिंबांचा रस हळूहळू टाक, दहा मिनिटं झाकून ठेव, मग मलमलच्या फडक्यात पाऊण तास टांगून ठेव. वजन ठेवून दाबू नको, दाबलं की पनीर झालं. साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास निघते. वर मेळघाटातला मध भेटला तर सोन्याहून पिवळं, नाही तर कोणताही चांगला. हे सासूबाई खातील, जावई पाहून चाट पडेल, अन् तुला एक रुपया नागपूरला पाठवायचा नाही.

गोड भागाला तिकडे मेंब्रियो लागते, म्हणजे क्विन्स नावाच्या फळाची घट्ट वडी, मांचेगोच्या कापावर ठेवून खातात. क्विन्स आपल्याकडे नाही, पण डिसेंबरात आपल्याकडे जांब, म्हणजे पेरू, काय कमी आहे का! क्विन्समध्ये पेक्टिन भरपूर म्हणून वडी जमते, जांबातही तसंच. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळापासून पेराद करतात तेच हे. पिकलेले जांब चिरून थोड्या पाण्यात मऊ शिजव, चाळणीतून घासून बिया काढ, गर एक किलो झाला तर साखर पाऊण किलोला थोडी कमी, एका लिंबाचा रस, अन् जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ढवळत राहा. हातावर उडते, लांब चमचा घे. कढईच्या कडा सोडून गोळा फिरायला लागला की तूप लावलेल्या ताटात पसर अन् रात्रभर ठेव. सुरीनं पातळ चौकोन काप. हे दोन दिवस आधी करून ठेवता येते.

आंबटाला संत्रा आहेच. डिसेंबरात आंबिया बहाराचा माल निघते, तुमच्याच बगीच्यातला. फोडी सोलून, वरची पांढरी साल काढून ठेव. जावयाला संत्री काही नवीन नाहीत, स्पेनमध्ये वालेन्सियाकडे संत्र्याच्याच बागा आहेत, पण नागपुरी संत्र्याची साल हाताला जशी सुटते तशी तिकडच्या गोड संत्र्याची सुटत नाही.

आता मटण. तिकडे हे जवळपास सगळं डुकराचं, हे घरात आधी स्पष्ट सांग, पाहुणे आल्यावर कुजबुज नको. हामोन सेरानो म्हणजे पांढऱ्या डुकराची मागची तंगडी, मिठात पुरून, मग डोंगराळ थंड हवेत महिनोन्महिने सुकवलेली. सिएरा म्हणजे डोंगर, त्यावरून सेरानो. इबेरिको वेगळं, ते काळ्या डुकराचं, अन् त्यातलं बेयोता म्हणजे ओकच्या झाडाखाली पडलेली फळं खाऊन वाढलेल्या जनावराचं, ते लय महाग, तू त्याच्या नादी लागू नको. चोरिझो म्हणजे लसूण अन् पिमेंतोन घातलेलं सॉसेज, पिमेंतोन म्हणजे तिकडची धुरावर सुकवलेली लाल मिरची पावडर. ला वेरा नावाच्या खोऱ्यात मिरची ओकच्या लाकडाच्या धुरावर दहा-पंधरा दिवस सुकवतात. कोलंबसाच्या लोकांनी ती अमेरिकेतून आणली, अन् पोर्तुगीजांनी आपल्याकडे, म्हणजे आपली भिवापुरी मिरची अन् तिकडची मिरची पार लांबच्या बहिणी, फक्त आपलीवाली जास्त भांडखोर.

घेताना एक पाहा. चोरिझो दोन प्रकारचा भेटते, एक सुकवलेला, तसाच कापून खायचा, अन् दुसरा कच्चा, शिजवून खायचा. पाकीट वाचल्याशिवाय घेऊ नको. आणखी एक, तुझी नणंद ज्या भागात राहते तिथला फुएत नावाचा बारीक सॉसेज असते, त्याच्यावर पांढरी भुकटी दिसते. ती खायची बुरशी आहे, मैदा नाही अन् खराबही झालेलं नाही. पहिल्यांदा मी तो धुऊन काढला होता, पोरगा आठवडाभर हसत होता.

कोणाला डुकराचं नको असेल तर सेसिनाच्या नादी लागू नको. ते लेओनकडचं गायी-बैलाचं सुकं मांस, अन् महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानं गायी-बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे. त्यापेक्षा मटणाच्या बारीक फोडींना जिरं, धणे, लसूण, मीठ, तेल अन् थोडी सौम्य लाल मिरची लावून दोन-तीन तास ठेव, सळईवर भाज. तिकडे याला पिंचो मोरुनो म्हणतात, मूळचा मूर लोकांचा, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडून आलेल्या मुसलमानांचा प्रकार, आजकाल बहुतेक डुकराचा करतात पण मटणाचा केला तर कोणी नाव ठेवत नाही. मिरचीला धुराचा वास पाहिजे असेल तर निखाऱ्यावर तुपाचा थेंब टाकून धुंगार दे. हे गरम आणून पाटाच्या बाजूला ठेव, पाटावर नको.

सुकं मटण आपल्या भागात नवीन आहे असंही समजू नको. मराठवाड्यात मांसाच्या पट्ट्या मीठ लावून उन्हात वाळवत, चान्या म्हणत त्यांना, अन् ज्या घरांना ताजं रोज परवडत नव्हतं त्यांनी ते शिकून ठेवलं होतं. स्पेनच्या डोंगरातल्या माणसानंही तेच केलं, फरक एवढाच की त्याच्याकडे थंडी होती. म्हणून तुझ्या नवऱ्यानं "आपणच हामोन करू" म्हटलं तर नाही म्हण. आपल्याकडे डिसेंबरातही दुपार पंचवीसच्या वर जाते, तंगडी मुरायच्या आधी सडते.

बारा जणांचं माप सांगते. नंतर जेवण आहे, तर खाणाऱ्या सात जणांना माणशी पन्नास ग्रॅम धरून मटण साडेतीनशे ग्रॅम पुरे, त्यात निम्मा हामोन, निम्मा चोरिझो किंवा फुएत. विकतचं चीज तीनशे ग्रॅम, घरचा मातो साडेतीनशे. विकतचं म्हणजे एक छोटा मांचेगो मटण खाणाऱ्यांसाठी, अन् हिरव्या ठिपक्याचं गौडा शाकाहारींसाठी, अमूलचं येते. गौडा डच आहे, स्पॅनिश नाही, म्हणून पाटावर ठेवताना मांचेगो म्हणून सांगू नको, जावयाला पहिल्या घासात कळेल अन् बोलणार तो काही नाही. क्यूब मात्र पोट्ट्यांच्या सँडविचला राहू दे. ऑनलाईनवाल्यांनी माझी एक ऑर्डर रस्त्यात अशी गरम केली होती की चीज पाकिटातच तेलात पोहत आलं, म्हणून नागपूरहून कोणी येत असेल तर थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशवीसोबत मागव.

मांचेगोची साल खायची नाही, ती मेणासारखी असते, काढून टाक. तुकडा उभा धरून अर्धा सेंटीमीटर जाडीचे त्रिकोण काप. तिकडे चीज अन् हामोन दोन्ही फ्रिजमधून तासभर आधी काढतात, थंडगार असलं की चरबी मेणासारखी लागते अन् वासच येत नाही. डिसेंबरच्या संध्याकाळी आर्वीला तासभर ठीक. पण हेच मे महिन्यात कोणी वाचत असेल तर पंधरा मिनिटं पुरे. मी एकदा अकोल्याला एप्रिलच्या लग्नात वऱ्हांड्यात पाट मांडून आरती ओवाळायला गेले, परत आले तर चिजाचे त्रिकोण नव्हते, एक सपाट पोळी होती.

कुरकुरीतला बदाम तेलात मंद तळून मीठ लावून ठेव, तिकडे मार्कोना जातीचे असतात, आपले साधे चालतात. पावाला बार्सिलोनाची एक खास गोष्ट आहे, पा आम्ब तोमाकेत. पाव भाजायचा, लसणाची पाकळी घासायची, पिकलेला टमाटा अर्धा कापून घासायचा, वर कच्चं ऑलिव्ह तेल अन् मीठ. सासूबाईंसाठी लसूण वगळून वेगळ्या ताटात. आर्वीच्या बेकरीतला टोस्ट गोड असते, तो नको, साधा पाव घेऊन तव्यावर भाज. अन् एक मी घरी करून पाहिलंय, ज्वारीची भाकर कडक भाजून तुकड्यावर हेच टमाटा-तेल. जवसाचं कच्चं तेल भाकरीवर घेणाऱ्या माणसाला यात नवीन काय वाटणार! पण इथे तेल ऑलिव्हचंच घे, जवस चिजाला दाबून टाकते.

त्याच पाटावर ठेचा, तर्री, खारोड्या ठेवू नको. आपली हौस मला माहीत आहे. तिखट एकदा जिभेला लागलं की चिजाचा पैसा पाण्यात.

अन् पाट. घरातला पोळपाट घेशील अन् त्यावर चोरिझो ठेवशील तर माझं नाव घेऊ नको, सासूबाई त्यावर आयुष्यात पोळी लाटणार नाहीत. दोन वेगळे पाट घे, नवे, पॉलिश किंवा वार्निश न लावलेले. ते नसतील तर पळसाची पानं धुऊन दोन ताटांत पसर, दिसायलाही झकास. मातो, वड्या, संत्रा अन् गौडा एका पाटावर, मांचेगो अन् मटण दुसऱ्यावर, दोन्ही मध्ये हातभर अंतर, सुऱ्याही वेगळ्या. मातोचा पाट सासूबाईंच्या हातानं जावयासमोर ठेवव. वर जाळी झाक, माशा डिसेंबरातही असतात.

---

प्रश्न : मावशी, स्पॅनिश पाटासोबत वाईन पाहिजेच का? आम्ही सेलू तालुक्यातले.
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : सेलू म्हणजे वर्धा जिल्हा, अन् आपल्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, म्हणून माझ्याकडून वाईनचा सल्ला मागू नका. स्पेनच्या बारमध्ये दारू न पिणारा माणूस 'मोस्तो' मागते, म्हणजे द्राक्षाचा गोड रस, बिनदारूचा, बर्फ घालून वर ऑलिव्ह किंवा संत्र्याची चकती. काळ्या द्राक्षांचा रस गाळून तसाच करा. चोरिझोसोबत छान लागते, मांचेगोसोबत थोडा गोड पडते, तेव्हा लिंबू पिळा.

प्रश्न : ताई, ताडोबाजवळ मोहर्लीकडे आमचा छोटा होमस्टे आहे. स्पेनचे पर्यटक येतात. त्यांना असा पाट द्यावा का?
— एक होमस्टेवाला, जि. चंद्रपूर

उत्तर : नको. घरून आठ हजार किलोमीटर आलेल्या माणसाला त्याचंच चीज आपण जमेल तसं वाढायचं अन् त्यानं "छान आहे" म्हणायचं, त्यात दोघांनाही मजा नाही. वरच्या आर्वीच्या सुनेची गोष्ट वेगळी, ती जावयासाठी करतेय. तुम्ही वडा-भात करा, झुणका करा, अंबाडीची भाजी करा. फक्त दोन गोष्टी. एक, तिकडचे लोक रात्री नऊ-साडेनऊशिवाय जेवत नाहीत, तुम्ही सातला ताट वाढलंत तर ते टकमक पाहतील, पण पहाटेच्या सफारीला उठायचं असते हे त्यांना आधीच सांगा. दोन, तिखट वेगळ्या वाटीत.

प्रश्न : आणलेल्या मांचेगोवर चार दिवसांत हिरवी बुरशी आली. फेकू का?
— एक वाचक, अकोट

उत्तर : काहून फेकता! घट्ट चीज असेल तर बुरशी लागलेल्या जागेपासून चहूबाजूंनी अन् खालीही दोन-अडीच सेंटीमीटर कापून टाका, उरलेलं खा. सुरी बुरशीत बुडवून मग चांगल्या भागाला लावू नका. पण तोच छेना किंवा मऊ चीज असेल तर सगळंच फेका, त्यात बुरशीचे धागे आतपर्यंत जातात, दिसत नाहीत. अन् पुढच्या वेळी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, बटर पेपरमध्ये गुंडाळून मग सैल डब्यात, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. लाईट चार-चार तास जाणारं गाव असेल तर एका वेळी दोनशे ग्रॅमच्या वर आणूच नका.